एसी ठरेपर्यंत

...आणि वर मलाच म्हणतात, "वराडकर सर, तुम्ही फार लवकर तापता!" लवकर? अहो, तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या काचेच्या पेटीत शिजतोय, तुम्हाला सांगतो, इडलीसुद्धा दहा मिनिटांत सुटते हो, तिचं झाकण काढतात! आमचं झाकण काढायचं कुणाच्या हातात, तर एसी कमिटीच्या. आणि एसी कमिटी काय करते? एसी ठरवते. काय ठरलं? काही नाही! आणि माझं म्हणणं काय होतं? साधं. एक खिडकी उघडा!

नाही, तुम्हाला वाटेल हा माणूस गार हवेच्या विरोधात आहे. अजिबात नाही! गार हवा मलाही कळते. बावीस वर्षं गिरणीच्या ऑफिसात काढली, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये एसी होता, तिथे सहीला फायली न्यायच्या असल्या की मी एकेक न्यायचो. गठ्ठा कधीच नाही! पुढे संप झाला, गिरणी गेली, केबिन गेली, आणि मी आमच्या मिसेसच्या क्लासात नोकरीला लागलो. 'पद्मजा टायपिंग इन्स्टिट्यूट', अंधेरी वेस्ट, स्टेशनपासून सात मिनिटं. नाव मी दिलेलं, बाकी सगळं तिचं. दोन मशीनांवर सुरू केलं आणि सोळावर नेलं. पत्र्याची शेड होती, मान्य, पण शेडला खिडकी होती! खिडकीबाहेर शेवगा, खिडकीखाली हिची वेताची खुर्ची, आणि एखाद्या मुलीचा स्पीड चाळीस शब्दांवर गेला की ही खुर्चीतूनच हात बाहेर काढून तिला चार शेंगा बक्षीस द्यायची. अशी खिडकी!

मग मालकाने ठरवलं, शेड पाडायची, बिल्डिंग बांधायची, जुन्या भाडेकरूंना गाळे द्यायचे. आम्हाला तिसरा मजला. काम अर्धं झालं तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. नुसते खांब आणि स्लॅब, भिंतींचा पत्ता नाही, वर्सोव्याकडनं असा वारा येत होता की हिला पदर सावरेना. ही पश्चिमेच्या कडेला गेली, विटेचा तुकडा उचलला, खाली एक चौकोन काढला आणि म्हणाली, "अहो, माझी खुर्ची इथे. तुमची मशीनं मांडा कुठेही." झालं! ठरलं! एका मिनिटात ठरलं! कमिटी नाही, कोटेशन नाही, काही नाही.

मार्चमध्ये ती गेली. असो.

तर काचा! काचा त्यानंतर लागल्या. बिल्डिंग कशी दिसली पाहिजे, तर नरिमन पॉइंटसारखी. अंधेरीत! समोर गुरांचा गोठा, बाजूला लाकडाची वखार, आणि मधोमध आमची बिल्डिंग, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून उभं राहावं तशी! मी चाव्या घ्यायला गेलो, चहूबाजूंनी काचेवरून हात फिरवला, कडी सापडेना. मालकाला विचारलं, "ही उघडते कुठून?" तो म्हणाला, "उघडत नाही सर, फिक्स आहे. सेंट्रल एसी येणार ना!" कधी येणार? "ते तुमची सोसायटी ठरवील." आणि तो गेला! हवा जायचे पत्र्याचे बोगदे तेवढे छतात घालून गेला, गच्चीपर्यंत नेऊन तोंड उघडं ठेवून गेला. त्या तोंडात आता कबुतरं राहतात. तुम्हाला सांगतो, आमच्या छताच्या जाळीतून हवा एक फुंकर येत नाही, पण घुटर्घूम स्पष्ट ऐकू येतं! मुली त्या तालावर टाइप करतात!

मग कमिटी बसली. अध्यक्ष जयवंतराव. जयवंतरावांचं औषधाचं दुकान. कुठे? तळमजल्याला! शटर वर केलं की पुढे रस्ता, मागे गल्ली, वारा आरपार! हा माणूस आमचा एसी ठरवणार! जेवून उठलेल्याने पंगतीला वाढायचं म्हणजे काय होतं ते बघा. "घाई नको सर," जयवंतराव म्हणाले, "तीन कोटेशनं पाहिजेत, नियम आहे." बरं, मागवा. पहिला आला, म्हणाला पाण्यावर चालणारा प्लांट घ्या, गच्चीवर टॉवर बांधू, पाणी फिरत राहील. कुठलं पाणी? आमच्याकडे म्युनिसिपालिटीचं पाणी सकाळी पन्नास मिनिटं येतं, त्यात माणसांची बादली भरत नाही, आणि हा यंत्राला पाजायला निघाला! दुसरा आला, म्हणाला पाणी नको, हवेवर चालवू, पण वीज लागेल अख्ख्या बिल्डिंगला मंजूर आहे त्याच्या दुप्पट. तिसरा म्हणाला, गाळ्यागाळ्याला विंडो एसी लावा, पण काचा कापाव्या लागतील. लगेच जयवंतराव, "काचा? छे छे, बिल्डिंगचा शो जाईल!" आणि गंमत ऐका, तिसऱ्याचं कोटेशन येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली! पहिल्याचं नवं मागवलं, तर दुसरं शिळं झालं! दुसरं ताजं केलं, तर तिसऱ्याची कंपनी बंद पडली! तीन कोटेशनं एका वेळी जिवंत असली पाहिजेत, आणि ती असत नाहीत. मी दर सभेत हात वर करायचो. "हं, बोला सर." मी म्हणायचो, तोपर्यंत एक खिडकी उघडा!

मग एक इंजिनियर आला. टाय लावलेला. आमच्या क्लासात शिरला, तीन मिनिटांत टायचा रंग बदलला बिचाऱ्याच्या. म्हणाला, "सर, हीट लोड काढावा लागेल. इथे माणसं किती?" म्हटलं, एका बॅचला सोळा मुली आणि मी. "अच्छा. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा बल्ब धरायचा. बसलेला. टायपिंग करत असेल तर आणखी थोडा." लिहिलंन ते! आणि पुढच्या सभेत जयवंतराव काय म्हणावेत? "सर, बिल्डिंगमधली सगळ्यात जास्त उष्णता तुमच्या गाळ्यात तयार होते. तुमच्यामुळे प्लांट मोठा घ्यावा लागतोय. मुली जरा कमी करा ना!" कमी करा? अहो, मुली म्हणजे काय बल्ब आहेत, दोन फिरवून काढले? मी उभाच राहिलो. म्हटलं, जयवंतराव, मुली कमी होणार नाहीत. खिडकी उघडा!

तर तेवढ्यात उठला अंबादास. अंबादास आमच्या खालचा, दुसऱ्या मजल्यावर फोटो स्टुडिओ. त्याचेही हालच. गिऱ्हाईक पावडर लावून बसतं आणि फोटोत ओघळ येतात, पासपोर्टच्या फोटोत माणूस रडल्यासारखा दिसतो! अंबादास मूळचा अकोल्याचा. म्हणाला, "काहून एवढा त्रास घेता राज्या? कूलर लावा, कूलर! आमच्या अकोल्याले भर मे महिन्यात पंचेचाळीस राह्यते बाहेर, अन् आत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं का गोधडी घ्या लागते! काश्मीर होते, काश्मीर!" कमिटीला एकदम पटलं. कोटेशन नको, प्लांट नको! जयवंतराव म्हणाले, "झकास! ट्रायल घेऊ. कुठे घ्यायची?" कुठे म्हणजे? जिथे बल्ब जास्त तिथे!

आता तुम्ही मला सांगा, अकोल्याची हवा आणि अंधेरीची हवा, काही फरक आहे की नाही? इथे मिठाची बरणी दोन दिवस उघडी ठेवा, चमच्याने मीठ निघत नाही! त्या हवेत, चारी बाजूंनी बंद खोलीत, हा कूलर पाणी उडवतोय! पहिल्या अर्ध्या तासात कागद मऊ पडला. मशीनमध्ये घातला की पापडाच्या लाटीसारखा लोंबायला लागला. कार्बन पेपर कागदाला चिकटला, कागद रोलरला चिकटला, मशीनच्या दांड्या एकमेकींना चिकटल्या! शेवंती म्हणून मुलगी आहे, खारदांड्याची, कोळ्यांची, तिची आई मासळीबाजारात बसते. पोरगी हुशार, पण तोंडाने फटकळ. ती मशीन सोडून उठली आणि म्हणाली, "सर, आमची आई पापलेटाला बर्फात ठेवते, आणि तुम्ही आम्हाला मोदकपात्रात?" दुपारी तीच शेवंती चाळीसच्या स्पीडला घेरी येऊन मशीनवर डोकं टेकून पडली. पाणी मारलं, वारा घातला, शुद्धीवर आली, आणि पहिला प्रश्न काय, "सर, चुका किती झाल्या?" आणि अंबादास दारात उभा राहून म्हणतोय, "वाळा खरा नसंल, राज्या!"

त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडलो. कूलर जिन्यात ठेवला. अजून तिथेच आहे.

आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. सरकारी टायपिंग परीक्षेच्या ऑफिसचं. निरीक्षक येणार, पंधरा दिवसांनी, मान्यतेचं नूतनीकरण. जागा बदलली ना आम्ही, म्हणून तपासणी. आणि त्यात अट छापलेली, 'खोली हवेशीर असावी.' हवेशीर! मान्यता गेली तर मुलींना आमच्याकडून फॉर्म भरता येणार नाही, फॉर्म नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर इन्स्टिट्यूट कसली? एकोणीस वर्षांची मान्यता, हिने एकटीने ऑफिसात खेटे घालून मिळवलेली, मी तेव्हा गिरणीत फायली नेत होतो, एकेक! आणि ती मी घालवू? एका काचेपायी?

पत्र घेऊन गेलो तसाच दुकानात. जयवंतराव, एक काच उघडी करून द्या. फक्त एक. जयवंतराव म्हणाले, "सर, समजून घ्या. काच उघडी केली तर एसीची गार हवा बाहेर जाईल."

मी म्हटलं, एसी कुठाय?

"येणार आहे ना!"

अहो, पण आज नाही ना?

"आज नाही म्हणून काय झालं? एकदा लोकांना खिडकीची सवय लागली की मग एसी कोण मागणार?"

आणि हे सगळं पंख्याखाली बसून बोलत होता हो! मी जिना चढलो, क्लासात आलो. हिची वेताची खुर्ची मी पहिल्या दिवशीच त्या जागी ठेवली होती. चौकोनावर फरशी बसली होती, पण खांबापासून चार पावलं, मला माहीत होतं. खुर्चीत कुणी बसत नाही. मुलींना सांगावं लागलं नाही. मीही बसत नाही. तिच्यासमोर उभा राहिलो आणि डोक्यात आलं, मी इतकी वर्षं चुकीचा अर्ज करतोय! खिडकी मागतोय! खिडकी कोण देतंय?

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज, स्वतः टाइप केला, एकही चूक नाही. 'सेंट्रल एसी येईपर्यंत स्वखर्चाने एक विंडो एसी बसवण्याची परवानगी मिळावी. त्यासाठी त्या मापाची काच कापावी लागेल.' जयवंतरावांनी वाचला आणि चेहरा असा फुलला! "आता कसं बोललात सर! एसीसाठी कापा ना काच, खुशाल कापा! शोचं बघू आपण. खिडकीसाठी कशाला कापायची?" आणि सही! अहो, शिक्कासुद्धा मारला!

काच कापणारा आला, म्हणाला, "कुठे पाडू भोक?" म्हटलं, त्या खुर्चीच्या मागे, पाठीच्या उंचीला. सव्वादोन फूट रुंद, दीड फूट उंच. काच निघाली आणि भस्सकन वर्सोव्याचा वारा आत! सोळा मशीनांवरचे सोळा कागद एकदम फडफडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी लक्ष दिलं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होतो. कबुतरं आत येतील म्हणून शेवंतीने घरून जाळ्याचा तुकडा आणला आणि भोकाला ताणून बसवला, कोळ्याची गाठ, सुटायची नाही.

निरीक्षक आले. बॅग ठेवली, कॉलरचं बटण काढलं, आणि त्या भोकासमोर पंधरा मिनिटं उभे! बाकी काही तपासलंच नाही. मग विचारलं, "ही जाळी कसली?" माझं तोंड उघडायच्या आत शेवंती म्हणाली, "फिल्टर आहे, सर." साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं, 'खोली उत्तम हवेशीर.' मान्यता मिळाली! शेवंतीचा पंचेचाळीसचा स्पीड झाला, तिला मी बाजारातनं शेंगा आणून दिल्या.

आता तुम्ही विचाराल, मग सर, तुम्ही अजून चिडता कशाला?

का म्हणजे? बातमी फुटली ना! अख्ख्या बिल्डिंगमध्ये हवा येणारी एकच जागा, आमची! झालं, एसी कमिटीची सभा आता दर शनिवारी आमच्या क्लासात. मुलींची शेवटची बॅच गेली की सगळे हजर, अंबादास तर अर्धा तास आधी, बल्बच बल्ब! परवाच्या शनिवारी जयवंतरावांनी तीन कोटेशनं टेबलावर मांडली, तिन्ही ताजी, तिन्ही एका वेळी जिवंत, तीन वर्षांत पहिल्यांदा! आणि वारा आला, तिन्ही उडाली. एक मशीनखाली, एक जिन्यात कूलरवर. आणि तो माणूस, हो, तोच, जयवंतराव, मला म्हणतो, "सर, ती खिडकी जरा बंद करा ना!"

मी! बंद करू! आणि कशाने करू? भोक आहे ते! त्याला दार नाही, कडी नाही! सगळे माझ्याकडे बघतायत, अंबादास कागदामागे धावतोय, "सर, तेवढं बघा ना जरा..."

मग काय करणार? उठलो. एवढ्या आकाराचं खोलीत दुसरं काही नव्हतं. हिच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि पाठीने भोक झाकलं.

कागद थांबले. सभा सुरू झाली. पाण्यावरचा की हवेवरचा, पुन्हा पहिल्यापासून. माझी पाठ अशी गार पडली होती, काय सांगू तुम्हाला. मध्येच जयवंतराव म्हणाले, "सर, आज उशीर होईलसं दिसतंय, तुम्हाला चालेल ना?"

म्हटलं, सावकाश ठरवा जयवंतराव. मी बसलोय.