आईची हाउसबोट

केरळचे फोटो मला नका दाखवू यार. आमचीही ट्रिप ठरली होती, चारकोपच्या घरी बसून. आधी मुन्नारचे डोंगर, मग हाउसबोट, शेवटी समुद्र. आईचं एकच चालू होतं.

"बोटीवर स्वयंपाक कोण करणार?"

"त्यांचा माणूस असतो गं."

"आणि भांडी?"

"तोच."

"मग मी काय करू?"

"नुसती बस!"

दुसऱ्या दिवशी तिने बोरिवली स्टेशनबाहेरून काळा गॉगल आणला.

बाबांना सुट्टी गणपतीतच मिळते. गावच्या घरचा गणपती भावांमध्ये पाळीने असतो. यंदा काकांची पाळी, म्हणून तर आम्ही मोकळे. आणि काकांचाच फोन आला.

"दादा, माझो पाय मोडलो. औंदा गणपती तुमीच बघा."

बाबांनी आईला विचारलंसुद्धा नाही. "येतो" म्हणाले आणि बुकिंग रद्द केलं.

गावी रोज दोन वेळा पंगती. एका दुपारी आई कुठे दिसेना. शोधत मागच्या दारी गेले, तर उष्ट्या भांड्यांच्या ढिगाशेजारी पाय पसरून बसलेली. डोळ्यांवर तो गॉगल.

"आई, इथे काय करतेस?"

"हाउसबोटीत बसलेय. जरा बसू दे."