खालच्या सप्तकाची खूण

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यालयाचे प्राचार्य मधुकरराव, प्रमुख पाहुणे प्राध्यापक ताराचंदजी, व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेल्या रसिकहो,

एकतीस वर्षं गाणं शिकवून मी आज निवृत्त होते आहे. माझ्यात एवढे गुण होते हे मला आत्ता कळलं. नोकरीत असताना कुणी बोललं नव्हतं. असो.

शाल दिलीत, नारळ दिलात, वर माझ्या गुरूंच्या, नानाजींच्या, बंदिशींचं हे पुस्तकही दिलंत. शहाऐंशी साली याच पुस्तकाची स्वरलिपी कॉम्प्युटरवर उतरवायची ठरली, तेव्हा त्यासाठी दोघांची समिती नेमली होती. नानाजी वहीत मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, प्रत्येक स्वराखाली टिंब देत. मी म्हटलं, इथंही प्रत्येक स्वराला त्याची खूण द्या, टिंब जमत नसेल तर स्वल्पविराम द्या. समितीनं ठरवलं, खूण एकदाच द्यायची. दुसरी येईपर्यंत पुढचे सगळे स्वर त्याच सप्तकातले धरायचे. टायपिंग वाचतं ना! एक खूण सुटली तर अख्खी ओळ वर जाईल, त्याचं काय? "बाई, तुम्ही टाइप करा, विचार आमच्यावर सोडा," असं उत्तर मिळालं. कोणी दिलं ते कशाला सांगू? दोघंही इथंच व्यासपीठावर बसले आहेत.

टाइप मी केलं. पान त्रेचाळीसवर खूण सुटली, तीही माझ्याच बोटांतून. नानाजींची सगळ्यात गंभीर चीज, जिची स्थायी, म्हणजे पहिला भाग, मंद्राबाहेर येत नाही, ती मधल्या सप्तकात छापली गेली. मुली परीक्षेत तशीच गायल्या. नानाजी इतवारीतून सायकलरिक्षानं मुद्दाम ऐकायला आले होते. मला म्हणाले, "शामला, माही चीज काहून अशी वर चढून राहिली वं?"

मी म्हटलं, छपाईची चूक आहे, शुद्धिपत्र निघेल.

"निघाल्यावर मले दाखवजो," म्हणाले.

ते निघालं नाही. चूक कबूल केली तर पद्धतीला बट्टा लागेल, असं समितीचं मत पडलं. मीही गप्प बसले. निवृत्ती जवळ आली होती. गेल्या पौषात नानाजी गेले. तितकं खाली उतरून गाणारं आता कुणी नाही, आणि पुस्तक मात्र अभ्यासक्रमाला लागलं आहे. मला राग येतो, तुमचा येतो आणि त्याहून जास्त माझा येतो.

आपण वेळ काढून आलात, मी आभारी आहे. बोलताना एखादा शब्द वावगा गेला असेल, तर तेवढ्या शब्दापुरती क्षमा करा. त्याच्यापायी पुढचं सगळं बोलणं चुकीचं धरू नका. नानाजींच्या वाट्याला एवढीही सवलत आली नाही.