अण्णांच्या टेंपोचा चिखल

...हसा, हसा! सगळे हसून झाले, तुम्हीच काय घोडं मारलंय? विश्वास लोटणकरनं कुवेतमध्ये धूळ विकत आणली! हो, आणली! पार्सलनं आणली! जिथं खिडकी बोटभर उघडी राहिली की अर्धं वाळवंट सोफ्यावर येऊन बसतं, तिथं मी धुळीच्या सहा बाटल्या बाहेरून मागवल्या! पण का मागवल्या, ते विचारलंत कुणी? नाही ना? तुम्हाला सांगतो, चिखल करणं म्हणजे खायचं काम नाही!

मॉडेलवरचा चिखल हो! मला नाद आहे त्याचा. दिवसभर रिफायनरीत व्हॉल्व्ह बघायचे आणि घरी, रिग्गईच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर वीतभर गाड्या बनवायच्या. गेल्या वर्षी टेंपो केला. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. लांज्याजवळ आमचं गाव, दर पावसाळ्यात खताच्या गोण्या भरून अण्णा निघायचे आणि उतारावरच्या लाल चिखलात रुतायचे. ताडपत्रीची ठिगळं, डाव्या दाराचा पोचा, सगळं केलं आणि ठेवला दस्मान भागातल्या मॉडेलांच्या स्पर्धेत. परीक्षक कोण, तर फैसल! कुवेती माणूस, अंगात पांढराशुभ्र दिशदाशा, म्हणजे त्यांचा तो पायघोळ झगा, हातात टॉर्च, घरी म्हणे दोनशे वीतभर रणगाडे. वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "विश्वास, माय फ्रेंड, टेंपो गुड. मड... नॉट रिअल. दिस इज चॉकलेट."

चॉकलेट! आणि पहिलं बक्षीस कुणाला? आमच्याच ऑफिसातल्या आलोकला! त्याची रेसिंगची गाडी, चकचकीत, नुसती फडक्यानं पुसून आणलेली! अहो, ज्या चिखलात माझ्या बापानं अर्धं आयुष्य गाडी ढकलली तो चिखल खोटा? डोक्यात तिडीक गेली! आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी नुसता रंग फासला होता, चूक माझीच होती. पण म्हणून चॉकलेट? अण्णा नाहीत आता, नाहीतर त्यांनीच त्याला उत्तर दिलं असतं. गाडीत बसून अक्षरशः डोळे पुसले मी.

मग ठरवलं, मॉडेलवर चिखल चढवायच्या खऱ्या धुळीच्या पावडरीच मागवायच्या. पार्सल सोडवायला गेलो, तर कस्टमवाला बाटली उलटीपालटी करतोय, "शिनू हाडा?" म्हणजे हे काय? म्हटलं, "पावडर. फॉर मड." "मड? तुराब? मिट्टी? यू ब्रिंग तुराब... टू कुवेत?" त्यानं शेजारच्याला बोलावलं, शेजारच्यानं साहेबाला, तिघं पोट धरधरून हसतायत, आणि साहेब शिक्का मारता मारता म्हणतो, "नेक्स्ट टाइम कम टू माय हाऊस! टेक फ्री!"

घ्या! पण चिखल करणं म्हणजे खायचं काम नाही, हे त्याला कुठलं कळायला? ती पावडर पिठीसाखरेहून मऊ. ब्रशनं टोचून टोचून बसवायची, मग थेंब थेंब द्रव सोडून घट्ट करायची, आणि द्रव पडला की हिचा रंगच बदलतो! चाकाशी ओला गडद, वर सुकलेला फिकट, आणि शिंतोडे? ते चाक फिरतं त्याच दिशेनं उडायला हवेत! आणि हे सगळं होईपर्यंत वारा नको. म्हणजे एसी बंद! ऑगस्टात! बाहेर एकोणपन्नास! कौमुदी, आमची सौभाग्यवती, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, "अहो, तुमच्या चिखलापायी मी वितळले तर मलाही बाटलीत भरून ठेवा!" आणि लेक, नेहा, "बाबा, यू आर मेकिंग इट डर्टी ऑन पर्पज?" ऑन पर्पज! एकदा शिंकलो, तर तीन दिवसांचं काम एका शिंकेत भिंतीवर! पुन्हा पहिल्यापासून. पण केला, तुम्हाला सांगतो, केला!

यंदाची स्पर्धा. फैसल आला. टॉर्च मारला. बराच वेळ बघितलं. तर म्हणतो, "बेटर. बट मड इज नेव्हर सो रेड." झालं! वाळवंटात जन्मलेला माणूस मला चिखलाचा रंग शिकवतोय!

इतक्यात चहाचा ट्रे घेऊन इद्रीसभाई आले. चहापाण्याचं काम त्यांच्याकडे, राहायला जलीबला, मूळचे रत्नागिरीकडचे. टेंपो बघितला आणि जागच्या जागी थांबले. ट्रे खाली ठेवला, पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या... हातात! आणि जपून एकेक पाऊल टाकत टेबलाशी आले. वाकून बघितलं आणि जोरात ओरडले, "अवो, मागल्या चाकाखाली दगड घाला! नायतर सकालपर्यंत निघायचा नाय!"

अण्णा हेच ओरडायचे हो! शब्दन् शब्द हेच!

फैसल बघतच राहिला. "शूज इन हँड? व्हाय?" इद्रीसभाई म्हणाले, "साब, चिखल है ना!" आणि मग स्वतःच्या हातातल्या चपलांकडे बघून जीभ चावली बिचाऱ्यांनी. फैसल पुन्हा टेबलाकडे वळला, पलीकडची बाजू बघायला दोन पावलं पुढे टाकली आणि जाता जाता... अहो, शपथेवर सांगतो, त्यानं दोन बोटांनी दिशदाशा वर उचलला! आपोआप! पांढराशुभ्र! आणि उचललेला दिशदाशा तसाच धरून माझ्याकडे बघून हसला, "खलास, विश्वास. फर्स्ट प्राइझ."

टाळ्या! आलोकनंसुद्धा वाजवल्या, न वाजवून सांगतो कुणाला! इद्रीसभाईंना मिठी मारली, अर्धा चहा माझ्या शर्टावर सांडला, तो तसाच मिरवत घरी आलो. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात टेंपो, बेल नाकानं वाजवली! कौमुदीनं दार उघडलं, ढाल घेतली, कपाळाला लावली, डोळे भरून आले तिचे. "अण्णा असायला हवे होते," म्हणाली. मग नजर टेंपोवर गेली आणि आवाज चढला, "थांबा! तो आत नाही आणायचा, आत्ताच फरशी पुसलीय!"

म्हणून सांगतो, चिखल करणं म्हणजे खायचं काम नाही. ढाल शोकेसमध्ये आहे. टेंपो दाराबाहेर, चपलांशेजारी. आणि मी? मी पाय धुऊन मगच आत गेलो.