'थरथर'ला सोबत

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीचा गाल टम्म सुजलेला, धाकटीच्या हातात मोबाइल.

"ताई, दातांच्या डॉक्टरला भिणाऱ्यांचा ग्रुप तू काढलास. दोनेकशे जणांना गोड बोलून खुर्चीत बसवलंस. आणि स्वतः आज पहिल्यांदा येतेयस?"

"हळू बोल. ॲडमिन आहे मी."

"मग आजच कशी तयार झालीस?"

"परवा ती नवीन बाई आली ना ग्रुपवर, 'थरथर' नावाची?"

"हो, दवाखान्याच्या पायरीवरून तीनदा पळून गेलेली. तिला मी एवढं लांबलचक लिहिलं."

"वाचलं. दोनदा रडले."

"तू कशाला रडलीस?"

थोरली छताकडे बघायला लागली.

"ताई, थरथर म्हणजे तूच की काय?"

"हसू नकोस. पहिला नियम काय आहे? घाबरलेल्याला हसायचं नाही."

"हसत नाहीये गं, ठसका लागला. पण 'ये, इथे सगळी आपलीच माणसं आहेत' असं 'थरथर'ला ॲडमिननंच लिहिलं होतं ना?"

"नव्या माणसाचं दहा मिनिटांत स्वागत करायचं, हा दुसरा नियम. तू बाजारात गेली होतीस. मग कोण करणार?"

"म्हणून स्वतःच स्वतःचं केलंस?"

"बरं वाटलं गं."

आतून हाक आली. थोरली उठली, बसली, पुन्हा उठली.

"ग्रुपवर टाक, थरथर आत गेली म्हणून."

"टाकते. सकाळपासून साठ जण विचारतायत."

"आणि ॲडमिन कुठाय म्हणाले तर?"

"सांगते, तिचा हात धरून आत गेलीय."