अकरा लाल फुल्या

—नाही, नाही, तो तक्ता नका काढू. बाकीची खोली रंगवा खुशाल, तेवढा तुकडा सोडा. वीस वर्षांची चिकटपट्टी आहे, भिंतीचा पापुद्रा निघून येईल — म्हणजे तुम्ही रंगारी, तुम्हाला मी काय शिकवणार! पण राहू दे. चारला ती येणार आहे. माझी जुनी विद्यार्थिनी. त्या तक्त्यासाठीच.

ठिपके दिसतात ना? एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका — ताऱ्यांचं गाव म्हणा. गावात काही जोड्या असतात, एक तारा जिवंत, एक मेलेला. मेलेला जिवंताला ओढून ओढून खातो, आणि त्या खाण्यातून क्ष-किरण निघतात. हसू नका, खरंच. आता काही गावांत लोखंडासारखी जड द्रव्यं भरपूर, काहींत नावाला. ती म्हणाली, सर, जिथं ही द्रव्यं कमी, तिथल्या जोड्या जास्त प्रखर. का? तर तिथं ताऱ्याच्या अंगावरून वारा कमी सुटतो, फारसं काही उडून जात नाही, मरतानाही तो वजनदार असतो — आणि वजनदार मेलेला जास्त खातो. किती सोपं! मी म्हटलं, छे.

त्या डावीकडच्या, कमी द्रव्यांच्या गावांवरच्या लाल फुल्या माझ्या. अकरा. आमच्यात पद्धतच असते, दीर्घिकेच्या मागे, खूप लांब भलतंच काही चमकत असलं तर तो ठिपका बाद करायचा. मी म्हटलं, हा मागचा उजेड, तुझ्या जोड्यांचा नव्हे. अकरा गेल्यावर उरलं काय? आडवी रेघ, म्हणजे द्रव्यं कमी असोत की जास्त, फरक शून्य. ती भांडली नाही हो. 'सर म्हणतात म्हणजे असेल.' प्रबंध अर्धा टाकून गेली. शाळेत गणित शिकवते आता. सहा वर्षांनी दुसऱ्यांनी तेच छापलं, तिचंच म्हणणं; तिच्या शाळेपर्यंत ते कुठलं पोचायला!

चूक झाली माझी. माणूस आहे, होते चूक — चूक कसली? मी मोजला होता ना मागचा उजेड! फुल्या मारल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिला न सांगता. अकरांपैकी एका ठिपक्यामागे काहीतरी होतं. एका! दहा खरे होते. मग सांगितलं का नाही? सांगणारच होतो. सोमवारी सांगू म्हटलं. माझं पुस्तक छापायला गेलं होतं, त्यात मी नेमकं उलटं लिहिलेलं... सोमवारी तिची खुर्ची रिकामी.

हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? तुम्ही आपला ब्रश चालवा.

काल फोनवर म्हणाली, 'सर, तक्ता आहे का हो अजून? मुलांना दाखवायचाय, माणूस किती खात्रीनं चुकतो ते.' माझ्याबद्दल नव्हे. स्वतःबद्दल! वीस वर्षं ती स्वतःचीच चूक समजतेय.

जिन्यावर पावलं वाजली का? वाजले चार? — काढा तो तक्ता. ओढा, निघू दे पापुद्रा. गुंडाळून तिच्या हातात द्या आणि सांगा, सर मघाशीच बाहेर गेले. कपाट तुम्ही पुढे ओढलंयच, मी मागे उभा राहतो. आणि इकडे बघू नका. अजिबात बघू नका.