उलट्या दिशेने निघालेले हंस

आर्डिस : ...टेबल पुसून घेतलंय, डाग पडायचा नाही. ते टोक धर आणि मागे जा. दारापर्यंत. अजून.

कॉरिन : अगं बाई, केवढी अवाढव्य दिसतेय. मी शिवली तेव्हा एवढी नव्हती गं.

आर्डिस : तेवढीच होती. नऊ फूट बाय दहा. तू एकेक चौकोन मांडीवर घेऊन शिवतेस, म्हणून तुला कळत नाही. मला अख्खी गोधडी चौकटीवर ताणावी लागते, तेव्हा मशीन फिरते.

कॉरिन : आणि ही पिसं! आर्डिस, ही पिसांची नक्षी कधी शिकलीस तू?

आर्डिस : तीन वर्षं झाली. तुझ्या मागच्या दोन गोधड्यांवरही होती.

कॉरिन : हो का? असेल. छानच आहे हो.

आर्डिस : मागची बाजू बघून घे. जत्रेतल्या गोधड्यांच्या स्पर्धेत परीक्षक आधी पालथी घालून बघतात. इथे, दुसऱ्या ओळीत, खालचा दोरा सैल पडला होता. वरून काही कळेना, आणि मागे नुसते दोऱ्याचे फास, पापण्यांसारखे उभे. हात घातला तेव्हा समजलं. अडीच फूट सगळं उसवलं. चार तास गेले.

कॉरिन : आता तर पत्ताही लागत नाही. तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं.

आर्डिस : मला कळलं असतं.

कॉरिन : ते खरं. स्वतःची चूक तू कधी पदराआड केली नाहीस, एवढं मात्र मी कुणालाही सांगेन. मग हे काय आहे गं?

आर्डिस : काय?

कॉरिन : हा. सहाव्या ओळीतला, डावीकडून तिसरा. माझे त्रिकोणी तुकड्यांचे हंस सगळे वर उडतायत, आणि या चौकोनातले खाली निघालेत.

आर्डिस : चौकोन तू जोडलास, कॉरिन.

कॉरिन : जोडला मीच. उलटा जोडला. पण त्याच्यावरून टाके कुणी घातले? कापडाला नाक लावून काम करतेस तू. मिसेस हॅगडॉर्नच्या गोधडीतला एक चौकोन असाच फिरला होता, तेव्हा अर्ध्या तासात तिला फोन केला होतास. चर्चमध्ये ती सगळ्यांना सांगत होती, आर्डिससारखी बाई नाही म्हणून.

आर्डिस : बघितला होता मी.

कॉरिन : कधी?

आर्डिस : कापड ताणलं तेव्हाच. पहिला टाका पडायच्या आधी.

कॉरिन : तेव्हा वीस मिनिटांचं काम होतं.

आर्डिस : पंधरा.

कॉरिन : आणि मग?

आर्डिस : मग कॉफी केली. प्यायले. मशीन सुरू केली.

कॉरिन : उद्या संध्याकाळी पाचला जत्रेची नोंदणी बंद होते. तुला माहीत होतं.

आर्डिस : माहीत होतं.

कॉरिन : पाण्यात बघतेस तू मला.

आर्डिस : बघते. आता विचारलंसच तर सांगते. नऊ वर्षं झाली, नऊ गोधड्या भरून दिल्या तुला. पहिल्या बक्षिसाच्या चार निळ्या फिती मिळाल्या, चारही तुझ्या दिवाणखान्यात. मी जेवायला आले की माझी खुर्ची नेमकी त्यांच्यासमोर मांडतेस.

कॉरिन : ती खुर्ची तिथेच असते गं. आणि नाव शिवणारीचं लागतं, तो काही मी केलेला नियम नाही.

आर्डिस : कार्डावर दोन नावांना जागा असते. कुणी शिवली, आणि कुणी टाके घातले. दुसऱ्या ओळीत तू आडवी रेघ मारतेस. दर वर्षी. पट्टीने.

कॉरिन : रिकामी ओळ बरी दिसत नाही म्हणून.

आर्डिस : आणि लोक हात फिरवून विचारतात, ही नक्षी कुणाची? तर तू म्हणतेस, 'मशीनवर करून घेतली.' मी शेजारी उभी असते. करून घेतली म्हणे. पडदे धुऊन घेतल्यासारखी.

कॉरिन : तोंडातून निघालं असेल एखाद्या वेळी.

आर्डिस : आपल्या आईचंही तेच असायचं. कॉरिनला नजर आहे, आर्डिसला हात आहेत.

कॉरिन : अगं, कौतुकच करायची ती दोघींचं.

आर्डिस : नजर हे कौतुक. हात काय, भांडी घासायलाही लागतात. म्हणून म्हटलं, एकदा ती नजर काय चीज आहे ते सगळ्या जिल्ह्याला बघू दे. परीक्षक येतील, सहाव्या ओळीवर बोट ठेवतील आणि म्हणतील, शिवणारीने एक चौकोन उलटा लावला. माझ्या टाक्यांत खोट काढायला मात्र जागा ठेवली नाही मी. वाईट वागले, ठाऊक आहे. पण खोटं कशाला बोलू, ती पिसं काढताना मला फार बरं वाटत होतं.

कॉरिन : थोरली बहीण ना तू.

आर्डिस : थोरलीच. तू यायच्या आधी पाच वर्षं एकटी होते, फार सुखात होते. थांब जरा. एक सांग मला.

कॉरिन : काय?

आर्डिस : बहात्तर चौकोन आहेत. गोधडी उलगडून पाच मिनिटं झाली नाहीत. तू ना ओळी मोजल्यास, ना चष्मा लावलास. सरळ जाऊन त्याच्यावर बोट ठेवलंस.

कॉरिन : नजर आहे ना मला.

आर्डिस : कॉरिन.

कॉरिन : तुझ्याकडे टाकून घरी गेले त्याच दिवशी कळलं. पलंगावर पसरून फोटो काढला होता, तो मुलीला पाठवताना दिसलं.

आर्डिस : आणि फोन नाही केलास.

कॉरिन : नाही.

आर्डिस : तीन आठवडे.

कॉरिन : रोज वाटायचं, आज तुझा येईल. बघायचं होतं मला, तू सांगतेस की नाही.

आर्डिस : स्वतःची गोधडी पणाला लावून? मी नाहीच सांगितलं. तुझीच फीत गेली असती. गेलीच जवळजवळ.

कॉरिन : म्हटलं, नाही सांगितलंस तर मला बरं वाटेल.

आर्डिस : ऊन लागलं का तुला?

कॉरिन : तू हलकटपणा केलास की मी जो केला त्याचं मला वाईट वाटणार नाही, म्हटलं. फिटंफाट. आता बघ, तू केलास, आणि तरी वाटतंय.

आर्डिस : तू काय केलंस?

कॉरिन : गेल्या वर्षी परीक्षकांनी चिठ्ठी लावली होती गोधडीला. तू विचारलंस, काय लिहिलंय, तर मी म्हटलं, नेहमीचंच.

आर्डिस : आठवतंय.

कॉरिन : नेहमीचं नव्हतं. माझ्यावर एक ओळ होती. बाकी सगळी चिठ्ठी तुझ्यावर. मागच्या बाजूला उलटून लिहिलं होतं, जागा पुरली नाही म्हणून. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचली आणि रडले. आनंदाने नाही. फीत माझ्या हातात होती आणि मला तुझा हेवा वाटत होता. साठी उलटली माझी, आर्डिस, आणि आठ वर्षांच्या पोरीसारखी जळत होते. ती रेघही या हेव्यापोटीच, पहिल्या वर्षापासून. कार्डावर तुझं नाव आलं असतं तर माझं कुणी वाचलंच नसतं.

आर्डिस : फाडलीस ती?

कॉरिन : नाही. पर्समध्ये आहे. फाडवत नाही आणि दाखववत नाही.

आर्डिस : खिडकीतलं ते उसवायचं हत्यार दे इकडे. आणि दिवा खाली ओढ.

कॉरिन : आता काय करतेस? राहू दे ना. लागू दे बोट. मी सांगेन, माझीच चूक.

आर्डिस : राहू दे कशी? पिसं माझी आहेत त्याच्यावर. हा चौकोन आणि भोवतीचे दोन इंच उसवायचे, चौकोन मोकळा करून सरळ फिरवायचा आणि हाताने शिवून बसवायचा. मग मी पुन्हा टाके घालते. उद्या दुपारपर्यंत होईल. तू मागून काप. दर चौथा टाका, सगळे नाही. मग मी वरून दोरा ओढते, सरसर निघतो.

कॉरिन : सुईची भोकं राहतील.

आर्डिस : पाणी शिंपडलं की बुजतात. हळू. अस्तराला टोक लागू देऊ नकोस. मिसेस हॅगडॉर्नचं मी असंच एकदा फाडलं होतं.

कॉरिन : तिला सांगितलंस?

आर्डिस : नाही. वरून एक फूल लावून दिलं. तिला ते फार आवडलं.

(दोघी समोरासमोर बसून उसवत आहेत.)

कॉरिन : कार्ड आणलंय मी. दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहू ना?

आर्डिस : लिही.

कॉरिन : माझ्याइतक्याच मोठ्या अक्षरात?

आर्डिस : ते तुझं तू ठरव. मी मोजून बघेन.

कॉरिन : आणि फीत आली तर?

आर्डिस : सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. आधी माझ्याकडे. चिठ्ठी काढ ती.

कॉरिन : आत्ता?

आर्डिस : माझे हात गुंतलेत. तू वाच.

कॉरिन : 'रंगांची निवड नीटस. टाके असामान्य. पिसांची वळणं मोकळ्या हाताची असूनही कुठे तुटत नाहीत. मागची बाजू पुढच्याइतकीच देखणी. या परीक्षकाने इतक्या वर्षांत मशीनवर असं काम क्वचित पाहिलं. हे कुणी केलं ते कार्डावर लिहिलेलं नाही. कृपया लिहावं.' झालं. एवढंच आहे.

आर्डिस : परत वाच. आणि या वेळी तुझी ओळ सोडून.