कप्तानाचं गाव अन् माझी बाग

माझं माहेर गेवराईकडचं, गोदाकाठचं, पान्यातच वाढले म्हना की. अन् दिली कुठं, तर हिकडं मांजरसुंब्याच्या डोंगरात, जिथं खांदलं की खडक. नवरा फौजंत हाय एवढंच बघितलं बापानं. हळद उतरायच्या आत नवरा सरहद्दीवर गेला, मग वरसातून एकदा सुट्टीला यायचे, पावन्यासारखं. लेकरू काय झालं न्हाई आमाला. मग मी म्हनलं बसून काय करू, माहेराहून मोसंबीची रोपं आनली, डोक्यावर घागरी वाहून जगवली, पुढं ह्यांच्या पगारावर हीर खांदली, सुरुंग लावून लावून, अन् हिरीला चांगलं पानी लागलं. झाडांना मी नावं ठिवलती, हसू नका. एक झाड सारखं रुसायचं, त्याला नंदंचं नाव दिलतं.

शिपाई म्हनून गेलेलं मानूस कप्तान होऊन घरी आलं. वाटलं आता दोघं मिळून बागंत बसू. कशाचं काय, त्या मानसाला घर म्हंजे बराक अन् गाव म्हंजे पलटन. उठले की बूट घालून गावात. त्यांनीच दुधाची सोसायटी काढली, घरोघर फिरून, लोकांच्या हातापाया पडून, की दूध सगळ्यांनी एका जागी घाला, मधी दलाल नको. पगार न्हाई, काय न्हाई, फुकटची हमाली. मी म्हनायची, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नुसते हसायचे. पन खरं सांगते, सोसायटी झाली तवापून दुधाचा पैसा हातात येऊन बायका आपल्या मनानं बाजार करायला लागल्या.

मग तो दुष्काळ आला. टँकर आला की बायकांची झोंबाझोंबी, घागरी फुटायच्या, झिंज्या धरायच्या. कप्तान गेले रांग लावायला अन् फौजंतल्यावानी वरडले, सावधान! काय सांगू तुमाला, सगळ्या बायका गप उभ्या, अन् एक म्हातारी मागून म्हनती, अगं लगीन कुनाचं हाय, अक्षता तरी द्या. तिथून रांगंत भांडन न्हाई झालं, सावधान म्हनलं की बायका आधी हसायच्याच.

टँकरचं पानी मानसापुरतं. जनावरांनी काय करावं? लोक दावनीची गाय बाजारात न्यायला लागले, अन् गाई गेल्यावर सोसायटी कुठली राहती? आसपास पानी राहिलं फक्त आमच्या हिरीला, ते बी एवढंच की बाग जगंल न्हाईतर जनावरं. मला कळलं हे काय बोलनार. मी आधीच हिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली कमरंला. म्हनलं, बघू कोन मागतंय. तर ते आले, जोत्यावर बसले, लई वेळ बूटच सोडत बसले. मग म्हनले, बाग तुझी हाय, तू म्हनशील तसं. मला असा राग आला, का म्हून हुकूम सोडत न्हाई हे मानूस? सगळ्या गावाला हुकूम सोडतंय, मला सोडला असता तर भांडले तरी असते.

दुसऱ्या दिवशी मोटार चालू करून मी बागंला पानी देत होते. शेजारच्या सोजरबाईची गाय दावं तोडून आली. हाकलली तर जाईना. दांडातलं पानी मातीत मुरलतं, तर ती वली माती चाटायला लागली. चाटती अन् माझ्याकडं बघती. मी मटकन खाली बसले अन् लई रडले. मग उठले, पाइप बागंतून काढला अन् हिरीजवळच्या जनावरांच्या हौदात सोडला. ह्यांना सांगितलं सुदिक न्हाई.

जनावरं जगली. बाग होळीच्या आत वाळली, पानं खाली, मग साल सुटली. सोसायटीनं हौदापशी जनावरांची छावनी केलती, तिथं जनावरांसंगं आलेल्या मानसांचा स्वयंपाक व्हायचा, सरपन न्हवतं. मी म्हनलं, तोडा बाग. कप्तान कुऱ्हाड घेऊन गेले अन् पहिल्याच झाडापशी थबकले. लढाई बघितलेलं मानूस, पन हात उचलना, डोळ्याला धार. म्हनले, मला न्हाई जमत गं. मग मीच पदर खोचला, कुऱ्हाड घेतली, अन् नंदंपासून सुरवात केली.

ते जाऊन आता दोन पावसाळे झाले. सोसायटी हाय, दूध हाय, माझं चहापानी रोज कुनी ना कुनी बघतंय, लोक लई जीव लावत्यात. वरसाला फोटोला हार घालत्यात अन् भाषनं करत्यात, की कप्तानसाहेबांनी गावासाठी आपली बाग वाळू दिली. औंदा मी मधीच उठले. म्हनलं, बाबांनो, गाव त्यांनी राखलं, खरं हाय, पन बाग त्यांची न्हवती, माझी होती.  मला काय त्यांचं नाव कमी करायचं न्हवतं. ते तिथं असते तर माझ्या आधी तेच उठले असते.